तापीतून माणसं काढणारे आबा

दारात कोणी येऊन काही न बोलता उभं राहिलं, की आई न विचारता बंबात लाकडं घालायची. परत आल्यावर आबांना आंघोळीला कढत पाणी लागणार, हे तिला त्या माणसाच्या नुसत्या उभं राहण्यावरून कळायचं. आबा हातातलं काम टाकून द्यायचे, दोराचं भेंडोळं खांद्यावर घ्यायचे आणि त्या माणसाच्या मोटरसायकलवर मागे बसून निघून जायचे. कुठे, कोण, हे आम्हाला संध्याकाळी गावातून कळायचं. आबांकडून कधीच नाही.

आमचं गाव मुक्ताईनगर तालुक्यात, तापीच्या काठावर. खाली धरण झालं तेव्हापासून पाणी आमच्या शिवारापर्यंत मागे फुगत आलं आणि नदी बाराही महिने खोल राहू लागली. वरून पाणी अगदी संथ दिसतं. तळाशी मात्र जुनी शेतं आहेत, बांधावरच्या बाभळी आहेत, कुठे एखादी विहीर आहे आणि या सगळ्यावर कमरेइतका गाळ. धुणं धुणाऱ्या बाया, म्हशी घेऊन आलेली माणसं, सुट्टीत पोहायला आलेली पोरं, आणि काही जण मुद्दाम आलेले. आसपासच्या गावांत कोणी बुडालं, की माझ्या वडिलांना बोलावणं यायचं. त्यांना सगळे आबा म्हणायचे. मीही आबाच म्हणायचे आणि पुढे माझी मुलगीही.

हा काही त्यांचा धंदा नव्हता. ते केळीचे शेतकरी. थोडी जमीन, एक विहीर, दोन बैल, नंतर बैलही गेले. लग्नाच्या आधी, ऐन जवान असताना, शेजारच्या घरातली नवी सून नदीवर गेली ती परत आलीच नाही. काठावर सगळा गाव जमला, पण पाण्यात कोणी उतरेना. बुडालेलं माणूस काढायला जाणाऱ्याला ओढून घेतं, असं लोक तेव्हा मानायचे. त्या सुनेचा सासरा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. तो आबांकडे बघायला लागला तसे आबा उतरले. तुम्हाला बोलावलं कोणी, असं मी एकदा विचारलं होतं. बोलावलं कोणीच नाही, तो म्हातारा फक्त बघत होता, असं ते म्हणाले होते. त्यानंतर चाळीसेक वर्षं लोक बघत राहिले आणि आबा उतरत राहिले.

या कामाचा त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नाही. ज्यांच्या घरचं माणूस काढलं त्यांच्या घरी ते पुन्हा जात नसत. रस्त्यात ती माणसं दिसली तर आबा बाजूने निघून जायचे. आपल्याला बघितलं की त्यांना तो दिवस आठवतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी चौथीत असताना एकदा त्यांना पाहिलं. शाळा नदीच्या वाटेवर होती आणि मधल्या सुट्टीत सगळी मुलं काठाकडे पळाली, त्यांत मीही. आबा पाण्यातून वर येत होते. त्यांच्या खांद्यावर एक लहान मुलगा होता. लग्नाहून परत येताना झोपलेलं मूल जसं खांद्यावर टाकून आणतात, तसा. त्याच्या पाठीवर आबांचा हात होता. काठावर कोणीतरी घोंगडी अंथरली होती. आबांनी त्याला घोंगडीवर ठेवलं नाही. ते चिखलातून चालत त्याच्या आईपर्यंत गेले, गुडघ्यावर बसले आणि मूल तिच्या मांडीवर दिलं. मग ते उठले आणि तिथून सरळ घराकडे चालायला लागले. वाटेत मी दिसले तेव्हा त्यांनी मला हात लावला नाही. लांबूनच म्हणाले, घरी चल.

अशा दिवशी ते मागच्या दारी आंघोळ करायचे आणि बराच वेळ करायचे. आई पाणी काढून द्यायची. मग ते ओसरीत बसायचे आणि आई ताट वाढून आणायची. तिलाही माहीत असायचं की ते जेवणार नाहीत, तरी ती वाढायची. भाकरी तशीच राहायची. दुसऱ्या दिवशी ते पहाटेच बागेत जायचे आणि दिवसभर खोडांची सुकलेली पानं कापत बसायचे.

त्या मुलानंतर आबांनी मला विहिरीत पोहायला शिकवलं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि पाण्यात सोडून द्यायचं, ही आमच्याकडची रीत. पण ती मुलांची रीत. मुलीला कोणी विहिरीत सोडत नसे. आजी रागावली, शेजारीपाजारी बोलले. आबांनी शिकवणं थांबवलं नाही. उलट एका उन्हाळ्यात ते आमच्या गल्लीत घरोघर गेले आणि तुमच्या मुली माझ्या मुलीबरोबर विहिरीवर पाठवा म्हणून सांगत फिरले. नदीवर रोज बायाच जातात, धुणं घेऊन, भांडी घेऊन, आणि पोहता येत नाही तेही त्यांनाच, हे ते काढलेल्या माणसांवरून शिकले होते. पण ते उघड बोलता येत नव्हतं. दोन-तीन घरांनी मुली पाठवल्या. बाकीच्यांनी हो हो म्हटलं आणि पाठवल्या नाहीत. न पाठवणाऱ्यांपैकी एका घरातली मुलगी, माझ्याच वर्गातली, काही वर्षांनी आबांनीच काढली. त्या दिवशी मात्र त्यांनी आईच्या हातून ताट घेतलं आणि उंबऱ्याबाहेर ठेवून दिलं.

माझं लग्न होऊन मी जळगावला आले. तिथे एका शाळेत शिकवू लागले. भावाला धुळ्याला नोकरी लागली, त्याने तिथेच घर केलं. गावात आई आणि आबा राहिले. माझी मुलगी जन्मली तेव्हापासून आबांचं जळगावला येणं वाढलं. पूर्वी ते वर्षातून एकदा यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. आता थंडीत भरताची वांगी आणि पातीचा कांदा पोत्यात भरून एसटीने यायचे आणि चार-चार दिवस राहायचे. मुलीला ते बाई म्हणायचे. बाई शाळेतून येईपर्यंत फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. तिच्या बुटांची नाडी सुटलेली असली की खाली बसून बांधायचे, ती मोठी झाल्यावरसुद्धा. तिच्यासमोर ते बोलके व्हायचे. भावाला आणि मला त्यांचं असं बोलणं माहीतच नव्हतं. भाऊ धुळ्याहून आलेला असला, की आम्ही दोघं स्वयंपाकघरातून ऐकत राहायचो आणि एकमेकांकडे बघायचो.

ती आठ-नऊ वर्षांची असताना तिने त्यांना सरळ विचारून टाकलं, की पाण्याखाली मेलेलं माणूस शोधताना भीती नाही वाटत का. मी जागच्या जागी थांबले. आबा रागावले नाहीत. त्यांनी तिला नीट सांगितलं. खाली काही दिसत नाही, त्यामुळे डोळे मिटूनच घ्यायचे. हातांनी चाचपत जायचं. पहिल्यांदा बहुतेक कापड लागतं नाहीतर केस. ते लागले, की घाई करायची नाही, आधी मनातल्या मनात त्या माणसाशी बोलायचं.

"काय बोलायचं?" तिने विचारलं.

"चाल बाप्पा, तुह्ये लोकं वर वाट पाहून राह्यले," आबा म्हणाले. "इतकंच. मंग भेव नाही वाटत."

तिलाही त्यांनीच त्याच विहिरीत शिकवलं. आता डब्याऐवजी रबराची ट्यूब होती. ती माझ्यापेक्षा चांगली पोहायला लागली.

सत्तरीच्या जवळ आल्यावर आबांना दम लागू लागला. डॉक्टरांनी छातीला पंप दिला होता. भावाने धुळ्याहून येऊन बजावलं, की आता पाण्यात उतरायचं नाही. तालुक्याला बोट आहे, माणसं आहेत, ते येतील. आबांनी मान हलवली. दोन वर्षं ते खरंच उतरले नाहीत. बोलावणं आलं तर काठावर जाऊन बसायचे आणि पाण्यात उतरलेल्या पोरांना सांगायचे, इकडे बघा, तिकडे बाभूळ आहे, पाय सांभाळा.

मग गणपती विसर्जनाचा तो दिवस आला. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती, सणाला म्हणून गावी गेली होती. शेजारच्या गावातला एक मुलगा, विशीतला, मूर्ती घेऊन पुढे गेला आणि पाय घसरून खोल पाण्यात गेला. बोटीला फोन केला, पण त्या दिवशी सगळीकडेच विसर्जन. बोट दुसऱ्या टोकाला होती. मुलाचा बाप चिखलाने भरलेल्या पायांनी आमच्या दारात आला. आईने त्याला सांगितलं, की त्यांना दम आहे, त्यांना नेऊ नका. तो दारातून हलला नाही. आबा आतून दोर घेऊन आले. माझी मुलगी त्यांच्यामागे निघाली. पुढचं सगळं मला तिने सांगितलं.

मुलगा जाऊन तेव्हा बराच वेळ झाला होता. तो जिवंत मिळणार नाही हे काठावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. आबांनी दोराचं एक टोक कमरेला बांधलं आणि दुसरं तिच्या हातात दिलं. दोनदा खाली गेले, वर आले, काठाला धरून खोकत राहिले. तिने म्हटलं, आबा, पुरे. ते तिसऱ्यांदा गेले. या वेळी दोर ताणला गेला आणि मग ढिला पडला. तिने ओढायला सुरुवात केली तर दोर जड लागला. लोकांनी हात लावला. आबा वर आले ते तोंड पाण्यात असलेले. तिने आत उडी मारून त्यांची मान वर धरली. पोटावर पालथं करून पाणी काढलं, तेव्हा पाण्याबरोबर काळा गाळ आला. शुद्धीवर आल्यावर ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मूठ मिटायचे, उघडायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीच्या माणसांनी तो मुलगा काढला. जिथे आबा उतरले होते तिथेच तो होता, बाभळीच्या फांदीत अडकलेला.

आबांना आम्ही जळगावच्या दवाखान्यात आणलं. फुफ्फुसात गाळ गेला होता. ताप उतरला, पण श्वास पहिल्यासारखा झालाच नाही. घरी सोडलं तेव्हा मी त्यांना गावी जाऊ दिलं नाही. माझ्याकडे समोरच्या खोलीत त्यांची कॉट टाकली, ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणलं. आई त्यांच्याबरोबर राहायला आली.

ते बोलेनासे झाले होते. आम्हाला वाटलं, अशक्तपणा आहे. एक दिवस दुपारी माझी मुलगी त्यांना पेज भरवत होती, मी दारातच उभी होते. ते तिला म्हणाले, "बाई, तो सापडला होता मले."

तिने चमचा खाली ठेवला.

"सदरा हाती लागला होता. बाही. धरली बी होती मी. मंग माहा दम सुटला." थोडं थांबून ते म्हणाले, "मी सोडला त्याले."

मुलीने त्यांना समजावलं. तो आधीच गेला होता आबा, तुम्ही सोडलं नसतं तर तुम्हीही गेला असता. ते ऐकत होते. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या लेखी तो मुलगा जिवंत की मेलेला हा प्रश्नच नव्हता. आयुष्यभर त्यांनी मेलेलीच माणसं काढली होती. हाताला लागलेलं माणूस त्यांनी कधी खाली टाकून दिलं नव्हतं, आणि ते आता घडलं होतं. मी त्यांच्याशी बोलले, भाऊ धुळ्याहून येऊन बोलला, डॉक्टर बोलले. ते मान हलवायचे, भाऊ पाण्यात उतरू नका म्हणाला होता तेव्हा हलवली होती तशीच.

दिवाळीनंतर त्या मुलाची आई आबांना भेटायला आली. कोणाला तरी पत्ता विचारत बसने जळगावला आली होती. हातात पिशवी होती, तिच्यात घरी वाळवलेले ज्वारीचे पापड, बिबडे. मी तिला आत नेलं. आबांनी तिला ओळखलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. ती कॉटच्या पायथ्याशी उभी राहिली. माझ्या मुलासाठी तुम्ही जीव घालवत होता, हे सांगायला आले, असं ती म्हणाली. आबांची पाठ हलत होती, पण ते वळले नाहीत. मग ती माझ्या आईजवळ जमिनीवर बसली. दोघी बराच वेळ बसल्या होत्या. आईने तिला चहा दिला, तिने तो प्यायला, आणि ती निघून गेली. बिबडे कोणीच तळले नाहीत. बरेच महिने ते डब्यात पडून होते.

थंडी संपली तसे आबा पाण्याला भ्यायला लागले. आंघोळीला स्टुलावर बसवून मी डोक्यावर तांब्या ओतला, की ते माझं मनगट घट्ट धरायचे. श्वास कोंडून घ्यायचे, डोळे विस्फारायचे. कोमट पाणी, एक तांब्या, तरीही. ज्या माणसाने मला पाण्यात सोडताना मी आहे ना म्हटलं होतं, त्याला मी तेच शब्द सांगत होते आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते. शेवटी मी तांब्या बंद केला. ओल्या फडक्याने अंग पुसायचे. आई म्हणाली, कर तसंच, नको त्यांचे हाल.

मार्च गेला, एप्रिल गेला. जळगावचं ऊन भिंतींतून आत यायला लागलं. कूलरचं पाणी संपलं की मशीनचा आवाज मोठा वाटायचा, आणि लाइट गेली की आम्ही तिघी त्यांच्या छातीकडे बघत बसायचो. मे महिन्यात एका दुपारी आई त्यांच्या पायाला तेल लावत होती. तिने मला हाक मारली नाही. मी सरबत घेऊन खोलीत गेले तर ती तशीच तेल लावत होती, आणि म्हणाली, "गेले ते. थांब जरा, येवढा पाय होऊ दे."

मी ग्लास घेऊन उभी राहिले. तिने दुसरा पायही केला. मग पदराने हात पुसले.

आबांना गावी नेलं. उन्हाने गाडीचा पत्रा हात लावू देत नव्हता. माझी मुलगी गाडीत त्यांच्याजवळ बसली आणि वाटभर तिने त्यांच्यावरची चादर धरून ठेवली, खिडकीच्या वाऱ्याने उडत होती म्हणून. गावात माणसं मावेनात. नदीपलीकडच्या गावांतून आलेली, आम्ही कधी न पाहिलेली माणसं. एक म्हातारा भावाला म्हणाला, माझा थोरला तुझ्या बापाने काढला होता. दुसरा म्हणाला, माझी बायको. भाऊ एकेकाला हात जोडत होता. त्याने मला नंतर सांगितलं, की ते आपल्या बापाबद्दल बोलत होते आणि मला वाटत होतं मी दुसऱ्याच कोणाच्या मयतीला आलोय.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आणली आणि घरात पहिल्यांदा वाद झाला. अस्थी तापीत सोडायच्या, हे धरूनच सगळे चालले होते. आमच्याकडे सगळ्यांच्या तिथेच सोडतात. काका, भाऊबंद, सगळे निघायच्या तयारीत होते. आई ओसरीत मडकं मांडीवर घेऊन बसली आणि देईना. आधी सगळ्यांना वाटलं, दुःखाने बसली आहे. भाऊ तिच्यासमोर बसला आणि आई, दे, उन्हं वाढतील, म्हणाला.

"त्यायले नदीत नाही टाकायचं," आई म्हणाली.

काकांनी समजावलं. रीत आहे, गती मिळायला पाहिजे, लोक काय म्हणतील. भाऊही म्हणाला, की गावाने इतका मान दिला, आता हे कसं दिसेल. आईने सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"जन्मभर त्यायनं लोकाइले तिच्यातून बाहेर काढलं. शेवटी चूळ भरायले बी भेत होते. अन् आता मी त्यायले त्याच पान्यात टाकू?"

काका उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने आणखी काही जण गेले. मग माझ्या मुलीने कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि आजीसमोर येऊन उभी राहिली. आईने तिचा हात धरून स्वतःला उठवलं.

आम्ही बागेत गेलो. आई, मी, माझी मुलगी, आणि मागून काही अंतर ठेवून भाऊ. विहिरीपासून लांब, बांधाच्या वरच्या अंगाला, जिथे पावसाचं पाणी तुंबत नाही, अशी जागा आईने दाखवली. जमीन तापून दगड झाली होती. मुलीने खणायला सुरुवात केली, तिच्या हाताला फोड आले. मी घेतली, मलाही जमेना. भाऊ बांधावर उभा होता. शेवटी तो खाली उतरला, सदरा काढून बाजूला ठेवला आणि माझ्या हातातून कुदळ घेतली. तो रडत खणत होता. आईने मडकं खाली ठेवलं आणि माती ओढताना प्रत्येक ढेकूळ हाताने फोडून घातलं.

काका तेराव्याला आले नाहीत. अजूनही ते आईशी बोलत नाहीत.

आईला मी जळगावला घेऊन आले, पण महिनाभरातच तिने गावी सोडून यायला लावलं. बाग भावाने गावातल्या एकाला बटाईने दिली आहे. माझी मुलगी आता पुण्यात असते. तिला पोहायला जातेस का असं मी विचारत नाही. तिचा फोन आला की ती आधी आजीची चौकशी करते आणि मग जेवलीस का विचारते. परवा तिने सांगितलं, की तिच्या ऑफिसात कोणीतरी आजोबांबद्दल विचारलं आणि ते काय करायचे हे तिला पटकन सांगता आलं नाही. शेतकरी होते, असं ती म्हणाली. बरोबर सांगितलंस, मी म्हटलं.